सोळा गुणिले सोळा

नियम मीच केले, कोणी मागितले नव्हते.
सोळा घरं आडवी, सोळा उभी,
रंग चार. पाचवा हवासा वाटला
तर आधीच्यातला एक पुसायचा.
कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं,
खाली तारीख, सहीसुद्धा,
बँकेचं कर्ज घ्यावं तशी.

ध्रुमिल म्हणाला, तुझं मशीन
दीड कोटीच्या वर रंग दाखवतं
आणि तू चारावर उपास काय धरतेस?
कोड तो लिहितो, अर्धा गेम त्याचा,
विचारायचा हक्क आहे त्याला.
मी म्हटलं, चहा घे.

गेममध्ये एक पोरगी विश्वामित्री ओलांडते,
काळ्या घोड्याच्या पुलावरून नाही,
खालून, दगडांवर उड्या मारत.
काळा, शेवाळी, मातकट, पिवळट पांढरा.
पोरगी झाली. पाच चौकोनांत वेणी बसली,
उडी मारली की शेवटचा चौकोन मागे राहतो.
दगड झाले.
कमाटीबागेची भिंतही झाली.

मगर होईना.
शेवाळी पाण्यात शेवाळी मगर दिसेना,
मातकट केली तर ओंडका.
काळी केली, तर ध्रुमिल वाकून बघत म्हणाला,
आ तो चंपल छे.
आठवडाभर विश्वामित्रीत चप्पल पोहत होती.

शकूमावशीच्या दोसुतीच्या टेबलक्लॉथवर
एक मोर आहे, मानेपर्यंत निळा, पुढे जांभळा.
दोरा संपला, आणि अख्ख्या मांडवीत
तसला निळा परत मिळाला नाही.
बायका अजून विचारतात,
सावली कशी हो धरलीत?
पण तिचा दोरा खरंच संपला होता.
माझा मी संपवलाय.
रात्री दीडला कर्सर नारिंगीवर जाऊन थांबला,
कोण बघतंय?
कडेला माझी सही होती.

मग पुराचं ते साल आठवलं, कारेलीबागेतलं.
वीज गेलेली, पार्किंगमध्ये पाणी,
स्कूटरींचे नुसते आरसे वर.
बाबांनी गच्चीतून टॉर्च मारला
आणि फाटकाशी दोन ठिणग्या.
हलू नकोस, बाबा म्हणाले.
ती खाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर,
तरी मी हलले नाही.

मगर आम्ही पाहिलीच नव्हती.
दोन ठिपके पाहिले होते.
बाकीची आठ फूट
आम्ही घाबरून भरली.

पहाटे चप्पल पुसली.
पिवळट पांढरे दोन चौकोन ठेवले,
मध्ये तीन घरं सोडून,
आणि उरलेली दोनशे चोपन्न
पाण्याला देऊन टाकली.

दुपारी ध्रुमिल खेळायला बसला.
तिसऱ्या दगडावर पोरगी थांबवून म्हणाला,
चंपल क्यां गई?
मी काही बोलले नाही.
दोन चौकोन मिटले, उघडले,
जरा जवळ उघडले.

त्याने पाय खुर्चीवर घेतले.