असूनही

फाईलमध्ये त्यांचा एकच फोटो निघाला.
आमच्याच फोटोग्राफरनं काढलेला, बारा वर्षांपूर्वी.
'हाताची घडी घाला काका, अन् हसू नका.'
हसरा नास्तिक पानावर बसत नाही.

मथळा माझा होता: 'नावात देव, मनात नाही!'
त्याबद्दल बर्डीवर पहाटे
मला तर्री-पोह्याची एक प्लेट मिळाली होती.

देवराव लांजेवार, वीज मंडळात मीटर रीडर.
तीस वर्षं महालाच्या गल्ल्यांतून
काटा जिथं असेल तिथलाच आकडा लिहीत गेले,
कुणी चहा पाजला तरी.
हे बातमीत नव्हतं.
बातमीत होतं,
की टेकडीच्या गणपतीसमोरून ते हात न जोडता जातात.
शेजारी चौकटीत एका महाराजांची प्रतिक्रिया,
आणि खाली, का कोण जाणे, मानसोपचारतज्ज्ञांची.

मग त्यांचा दूधवाला सुटला.
समोरच्या घाटोळेबाई लग्नाची पत्रिका द्यायला आल्या
तर पत्रिकेवरचा गणपती अंगठ्याखाली झाकून उभ्या.
'आमचं काही म्हणणं नाही, बाप्पा.'
'माझंही काही नाही ना, बाप्पा,'
देवराव म्हणाले, आणि लग्नाला जाऊन
पंगतीत वाढूनही आले.

हे काल मुलीनं सांगितलं, काउंटरवर.
मेडिकलला वडिलांचा देह सोपवून ती सरळ इकडे आलेली,
मे महिन्याच्या दुपारी, ओढणीनं तोंड बांधून.
कागदावर चार शब्द: देवराव लांजेवार यांचे निधन.

आमच्या साच्यात 'देवाज्ञा झाली' आपोआप उमटतं.
ते खोडलं.
'ईश्वर मृतात्म्यास' खोडलं.
साहेब म्हणाले, जाहिरातीसोबत बातमीही घ्या, आदरानं.
मी आदरानं लिहिलं:
'नास्तिक असूनही अत्यंत सज्जन.'

तिनं पडद्यावर बोट टेकलं.
'हा शब्द कितीचा?'
'बातमीला पैसे नसतात, ताई.'
'मग फुकटचा काहून ठेवता?'

मी काढून टाकला.
वाक्य सरळ होईना. नास्तिक, अत्यंत सज्जन.
मध्ये एक स्वल्पविराम ठेवून पाहिला, बरा वाटला.
कूलरचं पाणी संपलं होतं, गरम वारा येत होता,
मी पान पुढे पाठवलं आणि घरी गेलो.

सकाळी पान चार.
हाताची घडी, न हसणारे देवराव.
खाली रात्रपाळीच्या कुणा पोरानं
माझी चूक समजून
तो शब्द परत भरला होता.