बाहेर उणे एकतीस

बाहेर उणे एकतीस, आणि दगवा
पंख्यांसाठी हटून बसलाय.
तीन तरी हवेतच, नाहीतर कार्ड तापेल.
उलानबातरमध्ये, जानेवारीत, तापेल!

हातात तीस लाख तुगरिक.
ऐकायला गडगंज, पण
ग्राफिक्स कार्डानेच निम्मे गिळले.
उरलेल्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क,
एका तंबूत निजणाऱ्या पाहुण्यांसारखे
अंग चोरून.

काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट
त्याने यादीतून स्वतःच खोडलं. दोनदा.
मध्ये एकदा पुन्हा लिहिलं होतं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही.

पॉवर सप्लायवर मात्र मी अडलो.
गान्सुख दुकानदार म्हणाला, हा स्वस्तातला घ्या,
चालतो.
अकरा वर्षं मी कोळशाचा ट्रक हाकतोय
पार सरहद्दीपर्यंत.
चालतो म्हणजे काय, ते मला कळतं.
थांबतो का, ते सांग.
आमच्या टेकडीवर वीज संध्याकाळी
दमेकऱ्यासारखी श्वास घेते.

महागडा घेतला. रॅम निम्मी झाली.
बसमध्ये अख्खा रस्ता दगवा बोलला नाही.

रात्री दोनला यंत्र सुरू झालं, तिसऱ्या खेपेला.
पडद्यावर कुठलंसं हिरवं रान,
त्यात दगवा, हाती तलवार, अनवाणी पळतोय.

आई उठली. खोक्यामागे हात धरला,
तसाच ठेवला थोडा वेळ,
मग माझे ओले मोजे
काही न बोलता तिथे पसरले.

तिसरा पंखा कामी आला.