जहाजावरचा विस्तव

पाळीवर बसलो का कोणी विचारतेच,
धनपालबुवा, जहाजावर काय खाल्लं जी?

अकराव्या मजल्यावर, पाण्याच्या बी वर,
लाकडाबिगर विस्तव होता.
धूर निघे, तं एक नळी त्याले गिळून टाके.
सुगरता म्हणे, राख कोठी फेकत असतीन?
मी म्हणलं, चूप राय.

नोकराच्या मायबापाले तीन रात्री सवलत.
हेमराज पांढरी टोपी घालून, हातात चिमटा.
कोपऱ्यात त्याचा साहेब, हात मागं बांधून.
आमच्या टेबलाशी आला, मान झुकवली,
"गुड इव्हिनिंग, सर."
मले.
मी मागं वळून पाह्यलं, कोणाले म्हणते म्हणून.
मंग म्हणलं, थँक्यू.

मासा होता. काटा एकही नाही.
कोणत्या पाण्यातला रे?
"फ्रीजरमधला, सर."
खाली एवढा दर्या,
अन् जाळं कोणाच्याच हातात नाही.
सुगरतानं अर्धी कोंबडी रुमालात बांधली,
सकाळसाठी.

दिवाळीले पोट्टा घरी आला.
बोडीच्या पाळीवर गोवऱ्या रचल्या,
हळदमीठ चोळून दाडक पळसाच्या पानात गुंडाळली.
तो चिमटा शोधे. मी बोटानंच उलटवली.
पान करपलं, वास सुटला,
पाळीवरचं कुत्रं उठून बसलं.
मी पान त्याच्यापुढं ठेवलं, मान झुकवली,
घ्या, साहेब.

हसला नाही.
एकेक काटा काढत बसला,
साफ तुकडा मायच्या पानात सरकवला,
बोटं चाटली,
अन् म्हणे,
बा, मीठ कमी पडलं.