पडांदे

जयवंत मेस्त्र्यांच्या होडीच्या मांडवातून
दर बुधवारी एक पोतं येतं अंगणवाडीत.
ढलपे, पाचरी, अर्धवट कापलेला एखादा वाक,
पठाणाच्या लाकडाचं टोक,
त्याला अजून राळेचा वास.

मी पोतं उन्हात उपडं करते,
एकेक तुकडा चाचपते,
खिळा उपटून डब्यात,
कुसळ दिसलं की कानस.
वाघोटणच्या खाडीवरून वारा येतो
आणि भुसा माझ्या रजिस्टरवर बसतो,
हजेरीच्या बरोबर मधे.

सरकारी पेटीतले रंगीत ठोकळे आहेत कपाटात.
सगळे सारखे, हलके,
एकावर एक निमूट बसणारे.
मुलं दोन दिवसांत कंटाळली.
ढलपा कुणाचं ऐकत नाही.
एक बाजू तिरपी, मधे गाठ.
त्याला मनवावं लागतं.

अफ्रीन सोलकर घर बांधते.
दार आधी, भिंती नंतर,
कारण दार नसलं तर लोक येतील कुठून, असं तिचं म्हणणं.
कौलं तिसऱ्यांच्या शिंपल्यांची.
रोज दोन गळतात,
रोज ती चार घालते.

दुर्वेश तांडेल बोलत नाही.
जूनपासून मी वहीच्या मागच्या पानावर मोजतेय त्याचे शब्द,
अकरा झाले.
एकच शब्द पुन्हा आला तर मोजत नाही,
नाहीतर 'बाय'च शंभरदा झालं असतं.

अंगणातून नळाच्या पाण्याचा ओहळ जातो.
त्यावर त्याला साकव हवा.
दोन दगड, वर फळी.
फळी आखूड.
दुसरी फळी, ती वाकडी.
सोमवारी पडला.
मंगळवारी पडला, अफ्रीनच्या बाहुलीसकट,
आणि त्यावरून भांडण.
बुधवारी मला राहवेना.
माझा हात त्याच्या दगडापर्यंत पोचलाच होता,
तेवढ्यात पोतं उतरवता उतरवता मेस्त्री म्हणाले,
"पडांदे, बाय."

मी हात पदरात गुंडाळला.

पडला.

दुर्वेश उकिडवा बसला.
फळीकडे त्याने पाहिलंच नाही,
दगडाच्या खाली बघत राहिला.
तिथली वाळू पाणी नेत होतं,
चिमूट चिमूट, कुणाला कळू न देता.
खिचडीची घंटा झाली, तो उठला नाही.
बोटांनी खणत गेला
खाली जांभा लागेस्तोवर,
दगड तिथे टेकवला,
बाजूने पाचर मारली करवंटीने,
हातोडी मी कुलपात ठेवते म्हणून.

साकवावरून पहिला मुंगळा गेला.
मग बाहुली, मानाने.
मग कुठूनशी एक कुर्ली आली,
ती तिरकीच चढली
आणि मधेच बसून राहिली, वाहतूक बंद.

शुक्रवारी देवगडहून पर्यवेक्षिका आल्या.
एक ढलपा उचलून दुर्वेशला म्हणाल्या,
"सांग बाळा, हा कुठला आकार?
चौकोन की त्रिकोण?"
त्याने तो हातात घेतला,
उलटा केला,
पिवळ्या बाजूवरून अंगठा फिरवला,
नाकाशी नेला.
"फणस," म्हणाला.

त्यांनी रकान्यात फुली मारली.
मी चहा ओतत होते,
थोडा बशीत सांडला.

रविवारी अवसेचं उधाण अंगणात शिरलं.
सोमवारी कुलूप उघडलं तर
अफ्रीनचं घर कुंपणाला अडकलेलं,
दार तेवढं शाबूत.
साकवाची फळी गेलेली.
दोन्ही दगड जागच्या जागी.

मला वाटलं, आता रडेल.
तो पोत्यात डोकं घालून काहीतरी शोधत होता,
फळ्या एकमेकींवर ठोकून
कान लावून ऐकत.
मग बाहेर आला, केसांत भुसा.
"बाय, आयनाची होयी.
फणस पाण्यात टिकना नाय."

वहीचं मागचं पान मी उघडलं,
पेन्सिल शोधली,
आणि बोटांवर मोजायला गेले
तर तो केव्हाच रस्त्याला लागला होता,
मेस्त्र्यांच्या मांडवाकडे,
आणि त्याच्या मागे अफ्रीन, दार काखेत मारून.