समासातली वाट

रविवार कारंज्याजवळच्या रद्दीच्या दुकानात
चाळीस रुपयांना मिळालं ते.
मुखपृष्ठ नाही, म्हणून नाव नाही,
लेखकही गेला त्याच पानासोबत.
आत कोऱ्या पानावर मात्र शाई शाबूत :
कु. हंसा सोनजे, भद्रकाली, नाशिक. १९७९.

घरात दुसरंही आहे, नवं, गुळगुळीत कागदाचं,
भाच्यानं दिलेलं, माझ्या निवृत्तीला.
त्यात गडांना तारे दिलेत, हॉटेलांना देतात तसे.
सगळे फोटो श्रावणातले
आणि प्रत्येकात कुणीतरी हात पसरून उभं.
हरिहरला पाच तारे.
हरिहरच्या पायऱ्यांवर मी गेल्या वर्षी
पाऊण तास एका अनोळखी माणसाच्या
चपलेतल्या टाचा बघत उभी होते.
टाचांना भेगा होत्या. गडाचं एवढंच आठवतं.

हंसाबाईंचं पुस्तक मी रात्री जेवणानंतर काढते,
गुडघ्याला तेल चोळता चोळता.
छापलेलं असतं : 'वाट सोपी.'
समासात पेन्सिल : 'कोणासाठी?'
छापलेलं : 'टाक्यात बारमाही पाणी.'
पेन्सिल : 'चैत्रात एक बेडूक. पाणी त्याच्यापुरतं.'
छापलेलं : 'मुक्कामास देऊळ उत्तम.'
तिथं तिनं दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय :
'देवळात नको. खालच्या वाडीत
ठकूबाईंचा ओटा. कुत्रं भुंकतं, ते चांगलंच.'

एकोणऐंशी साली
एक कुमारी, एकटी,
घरी काय सांगून निघत असेल?
मी अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा
'बायकांचा ग्रुप आहे' असं सांगते.

लेखकाचा दीड तास
तिचा होतो दोन तास दहा मिनिटं.
माझा साडेतीन. शेजारी शाईनं लिहिलाय.

सातमाळा रांगेचं प्रकरण लांबलचक.
अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या,
रवळ्या-जवळ्या, धोडप,
पुढं कांचना, राजधेर, थेट चांदवडपर्यंत
आठ दिवसांची चाल, रांग न सोडता.
तिनं ती सलग केली नाही, तारखाच सांगतात.
एक दिवाळीची सुट्टी, एक शनिवार,
मग कितीतरी वर्षं काहीच नाही,
मग पेन्सिलच्या जागी निळं बॉलपेन
आणि अक्षर मोठं, चष्म्याचं.
'इथं आता डांबरी.'
'ठकूबाई नाहीत. ओटा आहे. सून चहा देते.'
मार्कंड्याच्या उताराला, मुळाणबारीत :
'मुलगा बरोबर. तो पुढं, मी मागं.
दोनदा थांबला. न सांगता.'

धोडपच्या पानावर, जिथं कातळभिंतीतली खाच येते,
तिथं एकच ओळ : 'इथून परत.'
कारण नाही. तारीख नाही.
पाय मुरगळला, ढग आले, शेवटची गाडी गाठायची होती,
की नुसतं पुरे वाटलं.
पुढचे समास स्वच्छ.
काही पानं तर कापलेलीसुद्धा नाहीत,
छापखान्यातून आली तशी जोडलेली.

मैत्रिणी म्हणतात, पांडवलेणी करू, मग मिसळ.
पांडवलेणी मी दर बुधवारी करते,
दूध आणायला जावं तशी.

काल सुरीनं पानं सोडवली.
कांचना. लेखक म्हणतो, 'वाट सोपी.'
घरात पेन्सिल सापडली ती नातीची,
मागच्या टोकाला दातांचे ठसे.

मार्गशीर्षातला पहिला मंगळवार, जुन्या सीबीएसवरून सहाची गाडी,
वडाळीभोईला उतरून हट्टीसाठी जीप,
जीप नसेल तर पायी,
म्हणजे साडेतीनात तेही धरायला हवं.
आधी त्या खाचेपर्यंत.
तिथं बसेन, पाणी पिईन,
पुस्तक उघडून तिच्या ओळीखाली काही लिहीन म्हणते.
काय, ते ठरलेलं नाही.
समास तसा अरुंदच आहे.