अर्धा र

निवृत्तीच्या कागदांत एक रकाना आहे, 'विशेष कार्य'.
मी त्यात लिहिलं : दऱ्या.
हुक्केरी क्लार्क चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
'इदेन्रि सर?'
खोडलं. लिहिलं : निरंक.

पण सांगतो.
दोन हजार चार साली निपाणीच्या आमच्या लॅबमध्ये
बारा कॉम्प्युटर होते, त्यांतले सात चालायचे,
आणि कीबोर्ड उलटा केला की तंबाखूची पूड पडायची.
खिडकीपलीकडे वखार होती.
पोरं शिंकत शिंकत लिंक्ड लिस्ट शिकली.

तिथंच पहिल्यांदा दिसलं,
पडद्यावर अर्धा र मोडतोय.
दऱ्या लिहायला जावं तर दर्या उमटायचा,
खानापूरपलीकडच्या सगळ्या खिंडी
एका फटक्यात समुद्राखाली.
कुणाचं काही अडत नव्हतं.
मला मात्र झोप येईना.

एकोणचाळीस ओळी. सी भाषेत.
रात्री, लाइट असेल तेव्हा, फोनच्या वायरीवरून धाडल्या
हेलसिंकी की कुठल्या गावातल्या माणसाला.
त्यानं परत केल्या. पुन्हा धाडल्या. पुन्हा परत.
वाईट वाटलं नाही.
आई बिड्या वळायची. हजारातल्या साठ-सत्तर
ठेकेदार छाटात टाकायचा, बोटांत चोळून, न बोलता,
आणि ती दुसऱ्या दिवशी मांडीवर सूप घेऊन बसायचीच.
दोरा कुठं सैल राहिला ते बोटाला कळतं,
डोळ्याला नाही.
पाचव्या खेपेला त्यानं घेतल्या. खाली एकच शब्द : थँक्स.

वेतनवाढीच्या मुलाखतीला बेंगळूरहून दोघे आले होते.
पेपर किती? एक.
परिषदा? धारवाडला, एकदा, श्रोता म्हणून.
मग इतकी वर्षं केलंत काय?
म्हणणार होतो, कुठल्याही मशीनवर दऱ्या लिहून बघा.
त्यांना मराठी येत नव्हतं
आणि माझ्या कन्नडमध्ये ते अक्षरच नव्हतं.

असं मला वाटायचं.

महांतेश कागवाडे. अथणीचा.
डेटा स्ट्रक्चर्समध्ये दोनदा नापास, माझ्याच हातून.
तिसऱ्यांदा सुटला आणि गेला कुठंतरी.
नऊ वर्षांनी एका रात्री त्याची दुरुस्ती आली,
माझ्याच त्या फायलीत :
जुन्या कन्नडचा एक र, बंडी र म्हणतात त्याला,
गाडीच्या चाकासारखा,
शिलालेखांत मागे राहून गेलेला.
शेजारी टीप, आमच्याकडच्या मराठीत :
'सर, तुमचा नि आमचा एकाच जागी मोडूलालाय.'

चार ओळी जादा होत्या. परत केली.
परत करताना बरं वाटलं, लपवत नाही.
सकाळी आली, चार ओळी कमी होऊन.
घेतली. खाली काय लिहावं सुचेना,
तर हेलसिंकीवाल्याचाच शब्द लिहिला.

काल त्याला किल्ल्या दिल्या. लॅबच्या नव्हे.
लॅबच्या हुक्केरींनी मोजून घेतल्या, तीन, पोचपावतीसह.
कपाटातली पूड झाडून स्टँडवर आलो.
दिव्यांचा बोर्ड बंद होता.
त्याच्या खाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं,
बेळगाव गाडी दुसऱ्या फलाटावर.

अर्धा र अगदी जागच्या जागी.
हातानं लिहिताना तो कधी मोडलाच नव्हता.