अर्धं घर

मारियाम्पोलेत बर्फ वितळतोय, शेडच्या दारात नुसता राडा.
व्हिल्तेची पावाची व्हॅन तिसऱ्यांदा आली आहे.
सकाळी गार असताना गुणी,
दहा दुकानं फिरून तापली की
सिग्नलला उभ्या उभ्या धापा टाकते,
वर बारीक शीळ.

मी दाबाने धूर भरला इनटेकमध्ये.
कुठूनच बाहेर येईना.
गॅस्केट तर मीच बदललं होतं मागच्या महिन्यात,
पैसेही मीच मोजून घेतले होते.

झेनोनसनं आधी सिगारेट विझवली.
"तू फुंकतोयस," म्हणाला, "इंजिन ओढतं.
फुंकून मिटणारी फट
तुला फुंकून कशी दिसेल?"

मग ब्लॉकला चुंबकाचा पाय चिकटवून
त्यानं डायल गेजचं टोक टेकवलं
मॅनिफोल्डच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पाठीवर.
बंद इंजिन: शून्य.
चालू केलं, सुई अर्धं घर आत.
थ्रॉटल उघडला, परत.
सोडला, आत. आणि शीळ.
व्हिल्ते गाडीत बसायची विसरून
त्या सुईकडे बघत राहिली,
पीठ लागलेले हात तसेच बॉनेटवर.

दुपारी तो काढून बाकावर ठेवला.
गार झाल्यावर मी पोलादी पट्टी लावून पाहिली,
खालून उजेडाची रेघही जाईना.
सरळ. साळसूद.

जाताना तिनं झेनोनसला काळा पाव दिला, अख्खा.
त्यानं मोडून अर्धा माझ्यापुढे सरकवला,
गेजची डबी बंद करत,
काहीच न बोलता.